खिंडीपलीकडे

औषधांची घोडागाडी पुन्हा दरीत कोसळली, तेव्हा अल्कानं माऊस बाजूला सारला. शेजारी तिचे वडील, हिरालाल, खुर्चीच्या टोकावर बसले होते. कान कॉम्प्युटरकडे आणि डोळे भलतीकडेच.

"आता काऊन पडली?" त्यांनी विचारलं.

"तुमी दाब म्हटलं, म्हून दाबलं."

ते हसले. रायपूर रोडवर उभं आयुष्य ट्रक चालवला होता त्यांनी. हळू जा हे त्यांच्या तोंडून निघायचंच नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, आधी स्टिअरिंग सुटलं, मग पेपर, मग टीव्हीवरचे चेहरे. अल्काचा भाऊ संघदीप नोकरीसाठी नागपूरला गेला आणि त्याचा जुना कॉम्प्युटर सडक अर्जुनीच्या घरी राहिला. त्यात हा खेळ होता. वाळवंट, घोडे, बंदुका, मोठ्या टोपीचा एक नायक. कॉलेजमधून आली की अल्का खेळायची आणि दिसेल ते मोठ्यानं सांगत जायची. हिरालाल हुकूम सोडायचे. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, आत बापलेक मिळून रेल्वे लुटताहेत.

आजची मोहीम अवघड होती. डोंगरापलीकडच्या गावात साथ पसरली होती. औषधांनी भरलेली गाडी खिंडीतून तिथवर न्यायची. मागे लुटारू, आणि वर धुळीचं असं वादळ की पुढचे घोडेसुद्धा दिसू नयेत.

वादळ यायच्या आत काढ गाडी, असं हिरालालचं म्हणणं. प्रत्येक वेळी तिनं ते ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्याच वळणावर गाडी दरीत गेली होती.

ती पुन्हा सुरू करणार, तेवढ्यात तिला आईची आठवण झाली. सकाळी धान कापायला निघताना अंजनानं उंबऱ्यात थांबून नवऱ्याला परत एकदा विचारलं होतं. डोळ्यांच्या शिबिराची गाडी उद्या चौकात येणार होती. हिरालालनी नेहमीसारखं गावातल्या मनिरामचं नाव पुढे केलं. ऑपरेशन करूनही त्याला काही दिसत नाही म्हणे. मनिराम फार उशिरा गेला होता, डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं, हे अंजनानं कितीदा तरी समजावलं होतं. आज तिनं नुसता विळा घेतला आणि निघाली.

"उद्या जाऊन पाहा ना, बाबा," अल्का म्हणाली.

"कायले? तू आहेस ना सांगाले."

ते सहज बोलले. लाडानंच बोलले. अल्का मात्र पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं मोहीम सुरू केली आणि तोंड मिटलं.

घोडे तिनं चालीवर ठेवले. गाडी दरीपासून दूर, डोंगराच्या अंगाला चिकटवून घेतली. स्पीकरमधून चाकांची खडखड येत होती. हिरालालनी वळण आलं का म्हणून विचारलं. उत्तर आलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी जरा जोरात. वारा घोंघावू लागला, पडदा पिवळट झाला, मागून गोळ्या सुटल्या. अल्कानं लगाम खेचला आणि गाडी कपारीत उभी केली. लुटारू तिला न बघता बाजूनं पुढे दौडत गेले.

"थांबली? काऊन थांबली? मारलं का त्यायले?" हिरालालचा हात तिच्या खांद्याकडे आला आणि हवेतच राहिला. "अल्का, बोलून काऊन नाही राहिली?"

तिला वाईट वाटलं, पण तिनं तोंड उघडलं नाही. तिनं हळूच घोडे सोडले. ते वळण आलं आणि गेलंसुद्धा. वारा पडला, धूळ खाली बसली आणि खिंड संपली.

समोर जे उघडलं ते ती क्षणभर बघतच राहिली. तिनं खेळ साठवून ठेवला आणि तिथंच थांबवला.

घरात एकदम शांत झालं.

"पोहोचली?"

"पोहोचली."

"तू एकटीनंच?" त्यांनी मांडीवर थाप मारली. "शाब्बास! मंग सांग ना, काय दिसून राहिलं पुढं?"

"नाही सांगत."

ते आधी हसले. ती हसत नाही हे कळल्यावर थांबले.

"मी आहो ना सांगाले, म्हूनच तुमी जाऊन नाही राहिले," अल्का म्हणाली. आवाज तिनं चढवला नाही. "आता नाही सांगत, बाबा. हेही नाही आन् यापुढचंही नाही. डोळे करून या, मंग तुमीच पाहजा."

हिरालालनी खुर्ची पुढे ओढली, नाक काचेला लागेल इतका चेहरा जवळ नेला. पडद्याचा उजेड त्यांच्या पांढुरक्या बुबुळांवर पसरला. त्यांनी मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. तळहात काचेवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

एखादा शब्द सांगून टाकावा असं तिला फार वाटलं. तिनं ओठ दाबून धरले.

बाहेर हायवेवरून एक ट्रक गिअर बदलत गेला, आणि तो दूर जाईपर्यंत हिरालाल कान देऊन बसले.

"त्या शिबिराच्या गाडीवर डायवर कोण आहे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"केशोरीचा बिसराम."

"पोरगाच आहे तो," हिरालाल म्हणाले. "त्याले सांगून ठेव. मी समोर बसीन, त्याच्या बाजूले."