मथुराचं भाषण

“पुन्हा म्हण. घाई नाही,” सत्यभामाबाई म्हणाल्या.

नऊ वर्षांच्या मथुराचे ओठ हलले. आवाज आला नाही. शाळा सुटून तास झाला होता. वर्गात त्या दोघीच होत्या.

मथुराची आई वच्छला गेल्या सोंगणीत विहिरीत पडून गेली. पाय घसरला, असं पंचनाम्यात लिहिलं गेलं. पोरगी तेव्हा शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, बसलेली होती. त्या दिवसापासून तिची वाचाच बसली. वर्गातली पोरं तिला मुकी म्हणत, आणि तीही त्या हाकेला वळून पाहू लागली होती.

शेत बाईंच्याच घरचं. म्हणून बाईंना पोरीचं लागून राहिलंय, असं गाव म्हणे. बाईंचे यजमान किसनराव मथुराच्या आजीकडे, मनकर्णाबाईकडे, महिन्याला पायलीभर ज्वारी पाठवत. मथुराला त्यांनी नवा झगाही शिवून दिला होता. ती तो घालत नसे.

“लाजते,” किसनराव हसून म्हणत.

बाईंनी आधी तिला भिंतीकडे तोंड करून एकेक शब्द म्हणायला लावला. मग घरच्या शेळीला धडा वाचून दाखवायला सांगितलं. दिवाळीनंतर वर्गात पाढा म्हणताना मथुरा मध्येच अडली. पोरं हसली.

“तुझं तू पूर्ण कर,” बाई म्हणाल्या.

तिनं एकोणिसाचा पाढा शेवटपर्यंत म्हटला. त्या दुपारी मागून ‘मुके’ अशी हाक आली, तेव्हा तिनं मान वळवली नाही.

“बाई, देवानंच धाडलं तुमाले,” म्हणत मनकर्णाबाई पाया पडायला वाकली. बाई झटकन मागं सरल्या.

सव्वीस जानेवारीला मथुरा भाषण करणार, हे ऐकून किसनराव खूश झाले. “चिखलीवरून फौजदार येऊन राह्यले. त्यायच्यासमोर पोरगी बोलली तं शाळेचं नाव होईन.”

झेंडावंदन झालं. सारा गाव मैदानात बसला होता. पुढच्या खुर्च्यांवर फौजदार आणि त्यांच्या शेजारी किसनराव. मथुरानं स्वागताचं भाषण न अडखळता म्हटलं. टाळ्या पडल्या. ती खाली उतरेना.

“बाई, आनखी सांगू?”

बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. “सांग,” त्या म्हणाल्या. “भिऊ नको.”

“माही माय घसरून नाही पडली. किसनकाकानं तिले ढकललं. म्या पाह्यलं.”

किसनराव उठले. “लेकरू हाय, साहेब. कोनी शिकवलं तसं बोलते.”

फौजदारांनी बाईंकडे पाहिलं. “हे तुम्ही शिकवलंत?”

“मी फक्त बोलायला शिकवलं,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “वच्छला गेली त्या दुपारी हे घरीच होते, अशी साक्ष तुमच्याकडे मी दिली होती. हे घरी नव्हते, साहेब.”