लाल फितीचं झाकण

"इतका शांत?" प्रमुखबाईंनी पुन्हा विचारलं.

"अगदी शांत," ती म्हणाली.

पडद्यावर तो मधाच्या रंगाचा ग्रह संथ वळत होता. यानावरच्या किरणमापकाने काढलेली रेघ झोपलेल्या बाळाच्या श्वासासारखी मंद वरखाली होत होती. जवळ जाताच किरणांच्या माऱ्यात यान होरपळेल, असं भलेभले सांगत होते. ग्रहाने त्यांना साफ खोटं पाडलं.

किरणमापक तिच्या बाबांनी बनवला होता. एकसारखे दोन. एक यानासाठी, दुसरा त्याचा जुळा, ठेवणीतला. काही बिघडलं तरच तो उघडायचा. बिघडलं काहीच नाही, त्यामुळे जुळा इथे नियंत्रण कक्षातल्या कपाटात, कापडात गुंडाळून निवांत पडून होता.

प्रत्येक मापकाच्या तोंडावर धातूचं झाकण असे. ते असेपर्यंत किरण फारसे आत शिरत नसत. उड्डाणाआधी यानाच्या मापकावरचं ते काढायचा मान बाबांनी लेकीला दिला. दोन्ही मापक टेबलावर शेजारी शेजारी होते. झाकण घेऊन ती नाचतच बाहेर गेली. मग बाबांनी जाड हातमोजे चढवले आणि मापक एकट्याने यानावर बसवला. दुसऱ्या कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. डोळ्यांपुढे धुकं यायला लागलंय, याचा तेव्हा त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

ते झाकण लाल फितीला बांधून तिच्या उशाशी टांगलेलं असे. त्याच्याकडे बघत डोळा लागला, की ती रात्रभर त्या मधाळ उजेडात तरंगत राही.

"मग उतरवू खाली?" प्रमुखबाई म्हणाल्या. "ढगांखालची तळी दिसतील. पण आज्ञा गेली की परत फिरवता येणार नाही हं. यान गेलं, तर आपल्या सगळ्यांची जन्माची मेहनत पाण्यात."

"उतरवा. मापकाची हमी माझी."

आज्ञा गेली. टाळ्या वाजल्या. ती बाहेरच्या बाकावर बसलेल्या बाबांना हाताला धरून आत घेऊन आली.

"जुळ्याला एकदा हात लावू दे गं," ते म्हणाले. "दिसत तर नाही आता. बोटांनी बघतो."

तिने कपाटातून जुळा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. बाबा कापड सोडू लागले. तिची नजर पडद्यावरून हलत नव्हती.

"कसा दिसतोय?"

"मधासारखा, बाबा."

बाबा हसले. त्यांची बोटं मापकावरून मायेने फिरली, तोंडापाशी थांबली, पुन्हा एकदा फिरली.

"अगं," ते म्हणाले, "याचं झाकण कुणी काढलं?"