करदोडा

कॅन्सर झालेलं मूत्राशय काढून पोटावर कायमची पिशवी लावायची, की ते राखून केमो आणि किरणं घ्यायची, हे पंडितरावांना आजच सांगायचं होतं. डॉक्टरांचा कल पिशवीकडे होता. अंदाज घ्यायला सिस्टरनं पाणी भरलेली पिशवी पोटाला चिकटवली आणि फिरायला लावलं. गंगाखेडहून आल्यापासून ते एका जागी बसलेच नव्हते. आता व्हरांड्यात येरझाऱ्या सुरू झाल्या. पिशवीची कड नेमकी कमरेच्या करदोड्यावर येऊन सुटायला लागली. "करदोडा काढावा लागेल," सिस्टर म्हणाली. पंडितराव तडकले, "करदोडा माणूस मेल्यावर तोडतेत! पिशवी न्हाई, किरणंच द्या." सोबत आलेल्या बायकोनं सिस्टरच्या ट्रेमधली कात्री उचलली. "तुमी माझ्यावर वरडायला जिते हायेत, तवरच तोडते." पंडितरावांचा हात कात्री हिसकायला गेला, थांबला. त्यांनी सदरा वर धरला. "गाठीपाशी काप. जरा वर बांधायचाय परत."