घरात आलेलं पाणी

पितळी गुंडात साडेअकरा लिटर पाणी मावत होतं. अंजूने ते शाळेतून आणलेल्या लिटरच्या मापाने दोनदा मोजलं. दोन्ही वेळा बारावं माप अर्ध्यावर थांबलं. तिच्या स्वतःच्या कळशीत साडेसहा लिटर मावलं. तिने दोन्ही आकडे कागदावर लिहिले आणि खाली रेघ ओढली.

चौथीच्या मुलांना समीक्षा मॅडम दर सोमवारी घरच्यांसोबत करायचा एक उपक्रम देत. शनिवारी सकाळी सगळ्यांचे कागद शाळेत मोठ्याने वाचले जात. या आठवड्याचा उपक्रम होता: एका दिवसात घरात किती पाणी येतं? कोण किती खेपा आणतं? सगळ्यांनी मिळून मोजा.

शुक्रवारची संध्याकाळ होती. तांड्यातली घरं धुरात बुडत होती. अंजूचा बाप संजय बाजेवर मोबाइल बघत होता. त्याचा धाकटा भाऊ राजकुमार मोटरसायकल पुसत होता. म्हातारी मानीबाई तूर पाखडत होती. आई जया चुलीपुढे भाकरी थापत होती. अंजू उंबऱ्यावर बसून कालचा हिशेब वाचू लागली. आईला ती याडी म्हणे.

"याडी, सात गुंड. मी, अकरा कळशा. आजी, शून्य."

"माहे गुडघे बी लिही त्यात," मानीबाई म्हणाली.

"काका, शून्य."

"मी पेतो किती ते लिही ना. त्यात माहाच पहिला नंबर येते," राजकुमार हसला.

"बापू, शून्य."

संजयने मोबाइल खाली ठेवला. "शून्य काहून? पऱ्हाटीच्या फवारणीले दोनशे लिटरचे ड्रम कोणं नेले? तुह्या मॅडमनं?"

"ते वावरात गेले, बापू. घरात नाई आले. कागदावर 'घरात' लिहून हाय."

खरं होतं. कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत दोघे भाऊ घरचं पाणी यायचं त्याच विहिरीवर ड्रम भरत, बैलगाडीवर चढवत आणि पार दुसऱ्या टोकाच्या वावरापर्यंत नेत. डोक्यावर गुंड घेतलेली जया वाटेच्या कडेला सरकून गाडीला जागा देई. ड्रम बाप्यांचा, गुंड बायांचा. तांड्यातल्या एकाही पुरुषाने कधी गुंडाला हात लावला नव्हता. हे कोणी कोणाला सांगितलेलंही नव्हतं. त्यामुळे त्यावर भांडायची सोय नव्हती.

"उद्या शाळेच्या समितीचा मेंबर म्हणून मी खुर्चीवर बसून राहीन, अन् मॅडम सगळ्यांपुढं माहा शून्य वाचतीन?" संजयचा आवाज चढला. "खोड ते. दोन लिही माह्या नावापुढं."

अंजूने खोडरबर घेतलं. शून्य पुसलं. मग ती थांबली.

"पण बापू, खेपा तर अठराच झाल्या. दोन तुमच्या लिहल्या, तर कोणाच्या कमी करू?"

"तुह्या कर. नऊ लिही. तुले काय फरक पडते? एप्रिलनंतर त घरीच हायेस. मंग आण जेवढ्या आणाच्या तेवढ्या."

जयाचा हात भाकरीवर थांबला.

तांड्यातली शाळा चौथीपर्यंतच होती. घाटंजीच्या मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज मॅडमनी तीन आठवड्यांपूर्वीच जयाच्या हातात दिला होता. तीन शनिवार त्यांनी विचारलं. तीनही वेळा जया म्हणाली, घरी विचारून सांगते. उद्या शेवटची तारीख होती, आणि तिने अजून विचारलं नव्हतं. पोरीचा बाप नाही म्हणणार, हे तिने स्वतःशी पक्कं धरलं होतं. न विचारताच त्याच्यावर चिडून राहणं सोपं होतं. आताही ती चिडली. नवऱ्याला शून्य वाचलं जाण्याची लाज होती, शून्य असण्याची नव्हती.

पण पोरीचा प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना. कोणाच्या कमी करू?

गेल्या वर्षी जया तेरा खेपा करायची. यंदा सात. मधले सहा गुंड म्हणजे एकोणसत्तर लिटर. अंजूच्या अकरा कळशा म्हणजे साडेएकाहत्तर. जवळपास तेवढंच. घराची तहान तसूभरही कमी झाली नव्हती. पाणी फक्त तिच्या डोक्यावरून उतरून नऊ वर्षांच्या पोरीच्या कमरेवर बसलं होतं. दिवाळीनंतर मान दुखायची थांबली, तेव्हा तिला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं तिला आता जसंच्या तसं आठवलं. तीन शनिवार तिचं तोंड कशाने धरलं होतं, तेही कळलं. तिला स्वतःचा इतका राग आला की तव्यावरची भाकरी करपली तरी ती जागची हलली नाही.

मग ती उठली. पिठाचे हात लुगड्याला पुसले. अंजूच्या हातातून कागद आणि पेन्सिल घेतली. पुसलेल्या जागी शून्य काढलं, दाबून, कागद फाटेल इतकं.

"कायले वं?" संजय बाजेवरून उठला. "पोरीच्या अभ्यासात तू काहून हात घालून राह्यली?"

"जे मोजलं तेच राहीन."

"अन् उद्या माही फजिती झाली म्हंजे?"

जयाने कागद अंजूला परत दिला. नवऱ्याकडे पाहिलं, दिराकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"अंजू पाचवीले घाटंजीले जाईन. अर्ज मी उद्या सकाळी देते. तिच्या अकरा कळशा कोणं आणाच्या, ते तुम्ही दोघं भाऊ ठरवा. माहे गुंड सातच राहतीन."