पोलीसबाईंचा घास

मोर्च्याच्या बंदोबस्ताला दिवसभर उभं राहून हवालदार वनिताबाईंचे पाय भरून आले होते. चाळीच्या पायरीवर त्या टेकतात न टेकतात, तोच मागून आवाज आला, "गीळ पटकन, नाहीतर ती पोलीसबाई दंडुका घालेल."

वाटी धरलेल्या आईच्या गाऊनमागे चिमुरडी थरथरत होती. निदान हिनं तरी आपल्याला घाबरू नये, असं बाईंना वाटलं. त्यांनी दंडुका पायरीखाली सरकवला. "मी नाही गं कुणाला मारत," त्या हसून म्हणाल्या.

पोरगीही हसली आणि तिनं तोंड घट्ट मिटलं.

"काय मॅडम, आता ही जेवेल का?" आई वैतागली. "घ्या तो हातात. जरा डोळे वटारा."

बाईंनी निमूटपणे दंडुका उचलला. रडवेल्या पोरीनं आ केला.

"उद्यापण इथंच ड्यूटी आहे ना तुमची?" आईनं विचारलं.