बुडालेल्या गावची नोट

"चेहरा दगडासारखा ठेव," असं गाडीतच मी माझ्या बायकोला, व्हर्नाला, बजावलं होतं. जुन्या नोटांच्या प्रदर्शनात डोळे चमकले की भाव चढतो. आणि तिसऱ्याच टेबलापाशी माझीच नजर खिळली. आमचं हॅडली फेरी गाव धरणाखाली गेलं, त्याआधी तिथल्या बँकेनं स्वतःच्या नावानं काढलेली दहा डॉलरची नोट समोर होती. अशी एकही उरली नाही, असंच सगळे म्हणायचे. मी मोठी जांभई दिली, शेजारच्या दोन फालतू नोटांचे भाव विचारले आणि मग सहज म्हणालो, "ही केवढ्याला?" "विकायची नाही," टेबलामागची म्हातारी म्हणाली. व्हर्नाचा दगड मात्र तिथेच फुटला. "मग मांडलीत कशाला, बाई?" "बाकीचे लोक हिच्याकडे बघून पुढे जातात. हिच्यासमोर खोटी जांभई देणारा आमच्या गावचाच असणार." ती माझ्याकडे बघत उठली. "कुणाचा रे तू?"