जयराज खलास

“जयराज खलास. समझा बहन? जयराज खलास.”

सत्तावीस वर्षांपूर्वी पलूसच्या टेलिफोन बूथमध्ये मनुबाईच्या कानात पडलेला हा परका आवाज. त्यामागून नुसती खरखर, आणि मग तीही थांबली. दर गुरुवारी चारच्या सुमारास त्या बूथवर मस्कतहून नवऱ्याचा फोन यायचा. त्या गुरुवारी नवरा बोललाच नाही.

आणि आज मस्कतच्या बाजारात एक दुकानदार खजुराची ताटली पुढे करून हसत म्हणाला, “खलास.”

मनुबाईचा हात झटकन मागे आला.

सकाळपासून तिला या मुलखातलं काही उमगत नव्हतं. बसचा ड्रायव्हर ‘यल्ला, यल्ला’ म्हणाला, तेव्हा तिनं डोळे मिटून यल्लम्माला हात जोडले होते. शेजारी बसलेला जयराज हसून हसून खोकला होता. “आगं, चला चला म्हणतोय त्यो. देवीचं नाव न्हवं.”

होय, जयराज. तिचा नवरा. पासष्टीचा, धडधाकट, डोक्यावर पांढरी टोपी. या देशात त्यानं अकरा वर्षं वेल्डिंग केलं होतं. साताऱ्याच्या लेकीनं, दीपमालानं, हट्टानं दोघांना या सहलीला धाडलं होतं. “राह्यलो अकरा वर्षं, पण बघाय आत्ता आलोय,” असं तो विमानतळापासून भेटेल त्याला सांगत होता.

“खा की,” तो म्हणाला. “आपल्या द्राक्षापरास गोड हाय.”

“काय म्हणाला त्यो?”

“खलास. खजुराची जात हाय ती. आपल्या द्राक्षात सोनाका न्हाई का, तशी.”

“आन माणूस मेला तर?”

“मेल्याचं काय म्हणत्यात कुणास ठावं. काम सरलं की खलास म्हणत्यात हितं. जेवान झालं, खलास. माझं कंत्राट संपलं तवा समदा कॅम्प म्हणत हुता, जयराज खलास.” त्यानं एक बी थुंकून हातात घेतली. “तुला फोन कराय मी कॅम्पातल्या येका बलुची गड्याला सांगितलं हुतं. मी पासपोर्टाच्या मागं पळत हुतो. केला हुता न्हवं त्यानं?”

मनुबाई दुकानातल्या स्टुलावर बसली. समोरच्या माळेतले कंदील तिला कधी एक दिसत, कधी चार.

त्या गुरुवारी ती बूथमधून घरी गेली ती पाय कुठं पडतोय हे न कळता. दारात मांडव घातला होता. नणंदेचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. तोंड उघडलं असतं तर मांडव उतरला असता. ती गप्प राहिली. कपाळाचं कुंकू तसंच राहिलं. हळद दळताना बायांनी तिला पुढं केलं, तेव्हा तिनं जात्याचा खुंटा धरून ओवीही म्हटली:

वाटेच्या वाटसरा, तुझ्या पायाला रं धूळ
उभी उंबऱ्यापाशी मी, फुटलं पायाला गं मूळ

सहाव्या दिवशी एसटीतून जयराज उतरला. हातात पेटी, अंगावर नवा शर्ट. त्याला बघून मनुबाई मांडवातच भोवळ येऊन पडली.

ती गोष्ट जयराजनं त्या लग्नात पहिल्यांदा सांगितली, आणि पुढं प्रत्येक पंगतीत. काल सहलीच्या बसमध्येही सांगून झाली होती. “मला बघून आमची ही आडवीच झाली. येवढा जीव.” लोक हसायचे. मनुबाई मान खाली घालायची. लोकांना वाटायचं, लाजली.

ती लाजत नव्हती. तिला आतून एकच गोष्ट खात आली होती. नवरा जिवंत आहे, तर मग तो आवाज कुणाचा होता? फोनमध्ये खरंच कुणी बोललं होतं, की तिच्याच मनानं ते बोलून घेतलं होतं? हे कुणाला विचारायचीही सोय नव्हती. आवाज मनाचा असला, तर ती कसली बाई ठरत होती?

आता कळलं. आवाज बलुची गड्याचा होता. शब्द साधा होता. तिच्या मनानं काही केलं नव्हतं. पण म्हणून ऊर हलका व्हावा, तसा तो होईना.

जयराज तिच्याकडे बघत होता. त्याच्या हातातली बी हातातच राहिली होती.

“मने,” तो हळू म्हणाला, “तुला वाटलं, मी मेलो?”

ती ताटलीतल्या खजुरांकडे बघत राहिली.

“सा दिवस? आन कुणाला सांगितलं न्हाईस?”

त्यानं परक्या बाजारात, परक्या माणसासमोर तिचा हात धरला. असा त्यानं कधी धरला नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“येकटीनं किती रडली असशील गं.”

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. संध्याकाळच्या जेवणाला त्यानं सबंध बसला नवी गोष्ट सांगितली असती, जुनीपेक्षा मोठी. मनुबाईनं त्याच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं. इतक्या मायेनं बघणाऱ्या माणसाशी खोटं बोलणं तिला जमेना.

“न्हाई रडले, आवं,” ती म्हणाली. “झोपले. सा दिवस गाढ झोपले. अकरा वर्षांत पैल्यांदाच कुणाची वाट बघायची न्हवती.”